आशियाला हद्द नको, नाव पुरे

पृथ्वीवर खंड किती, असं विचारलं तर पुण्यात शाळा झालेला कुणीही न थांबता 'सात' म्हणतो. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने पिढ्यानपिढ्या तेच छापलं आहे. मेक्सिको किंवा अर्जेंटिनाच्या शाळेत मात्र उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून एकच खंड शिकवतात. रशियात युरोप आणि आशिया वेगळे न मोजता युरेशिया मोजायची पद्धत आहे. ऑलिंपिकच्या झेंड्यावर कडी पाचच. आणि गंमत म्हणजे यातलं कुणीही चूक नाही, कारण खंड मोजायची पट्टीच कुणी ठरवून दिलेली नाही.

प्रत्येकाचा ॲटलास वेगळा होता तोवर याने कुणाचं काही अडत नव्हतं. आता तसं राहिलेलं नाही. ओपनस्ट्रीटमॅपसारखा नकाशा सगळ्या जगाने मिळून एकाच ठिकाणी लिहायचा असतो. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने तो सुरू केला; आज धायरीतला एखादा विद्यार्थी आणि लिमातली एखादी शिक्षिका त्याच एका नोंदवहीत भर घालतात. रस्ता, ओढा, बसथांबा, दवाखाना इथवर ठीक चालतं. पण 'आशिया' नावाची नोंद करायची वेळ आली की प्रश्न पडतो: तिची मांडणी कशी करायची? एक बिंदू टाकून त्यावर नाव लिहायचं, की कडेने रेषा काढून 'एवढा भाग आशिया' असं क्षेत्र बंद करायचं?

दुसरा पर्याय सुचवणारे लोक अधूनमधून भेटतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो. क्षेत्र काढलं की संगणकाला विचारता येईल, अमुक गाव कुठल्या खंडात आहे. नकाशा दिसायलाही पूर्ण वाटेल. मला हा मोह कळतो, पण पटत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ती रेषा जितकी काटेकोर काढता येईल तितकी काढावी. खंडाचं मात्र फक्त नाव लिहावं, एका बिंदूवर, जगातल्या सगळ्या भाषांत. आणि कुठला देश कुठल्या खंडात धरायचा याच्या याद्या नकाशाच्या बाहेर, ज्याच्या त्याच्या नावाने राहू द्याव्यात.

यातल्या पहिल्या भागापासून सुरुवात करतो, कारण तिथे हाताने केलेलं काम आहे.

किनारा काढताना ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एक साधा नियम पाळतात. रेषा ज्या दिशेने पुढे जाते त्या दिशेला तोंड केलं, तर जमीन डाव्या हाताला आणि पाणी उजव्या हाताला आलं पाहिजे. म्हणजे अलिबागजवळचं खांदेरी बेट काढायचं, तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत जायचं. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो, इथे नेमकं उलटं. पुण्यातल्या नव्या मंडळींना मी हे असंच सांगतो आणि ते विसरत नाहीत. या नियमातली हुशारी अशी, की रेषेचा प्रत्येक तुकडा आपल्यापुरता सांगतो की जमीन कुठल्या बाजूला आहे. तो तुकडा कुठल्या बेटाचा, कुठल्या देशाचा, कुठल्या खंडाचा याची त्याला काही माहिती असावी लागत नाही.

तुकडे म्हणण्याचं कारण हे, की एका रेषेत २,००० पेक्षा जास्त बिंदू घेता येत नाहीत. त्यामुळे नुसता कोकणचा किनाराही एका ओळीत मावत नाही. तुकड्याला तुकडा जोडत डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत जायचं. कुणी गुहागरची पुळण नीट करताना एक सांधा चुकून सोडला, तर तुकडे शिवणाऱ्या प्रणालीला ते लगेच कळतं. तसंच पुढे गेलं तर नकाशावर निळा रंग जमिनीवर पसरतो, जणू समुद्र चढून आला. गुहागरची चूक गुहागरमध्येच सापडते आणि तिथेच निस्तरते.

आता याच तुकड्यांवर 'आशिया' नावाचं क्षेत्र बसवून पाहा. बॉस्फोरसपासून बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत मुख्य भूमीचा प्रत्येक तुकडा त्यात घ्यायचा. मग बेटं. इंडोनेशियाची सतरा हजारांहून अधिक. जपानने २०२३ मध्ये आपली बेटं नव्याने मोजली ती १४,१२५ भरली. हे सगळं एका नोंदीत कोंबलं की ती नोंद उघडताना संपादनाचं सॉफ्टवेअर गुडघे टेकतं. वर गुहागरच्या माणसाने जेटी दुरुस्त करताना एखादा तुकडा तोडून दोन केले तरी त्याचा हात आशियाला लागतो, आणि त्याच वेळी व्लादिवोस्तोकमधल्या कुणी धक्का दुरुस्त करताना तसंच केलं असेल तर दोघांची टक्कर. ज्या नोंदीला रोज शंभर ठिकाणी धक्का लागतो ती कायम मोडलेलीच राहणार. मोडलेलं क्षेत्र काय कामाचं?

तांत्रिक अडचण आज ना उद्या सुटेल, असं कुणी म्हणेल. सुटेलही. म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. खरा मुद्दा खात्रीचा आहे. सगळ्यांनी मिळून लिहायच्या नकाशात एक जुनी कसोटी आहे: दोन अनोळखी माणसं त्याच जागी स्वतंत्रपणे गेली, तर दोघांनी एकच गोष्ट नोंदवली पाहिजे. किनारा या कसोटीला बऱ्यापैकी उतरतो. बऱ्यापैकीच. भरतीच्या वेळी पाणी कुठवर येतं ती रेषा धरायची असते, आणि दाभोळच्या खाडीत वर वर जात राहिलं की नदी कुठे संपली नि समुद्र कुठे लागला यावर वाद होऊ शकतो. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं पाठ केलं. केंद्र सरकारच्या जुन्या आकड्यात तो ६५२.६ होता आणि अलीकडच्या फेरमोजणीत सुमारे ८७८ झाला. सगळ्या देशाचा किनारा ७,५१६ किलोमीटरवरून ११,०९८ वर गेला. देश वाढला नाही. आधीची मोजणी फार लहान प्रमाणाच्या नकाशांवर झाली होती, नव्याने जास्त बारीक नकाशे घेतले, आणि बारीक पाहिलं की प्रत्येक खाडी-कपार लांबी वाढवते. गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉटने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच दाखवलं होतं. तरीही हा वाद जागेवर जाऊन मिटवता येतो. भरतीच्या वेळी दाभोळला उभं राहा, पाणी कुठे आहे ते दिसतं.

आशिया कुठे संपतो हे पाहायला कुठे उभं राहायचं?

प्राचीन ग्रीक लोक युरोप आणि आशियाची सीमा डॉन नदीवर मानत. अठराव्या शतकात ती उचलून उरल पर्वतावर नेली. रशियाच्या कैदेत सैबेरियात राहिलेला श्ट्रालेनबर्ग हा स्वीडिश अधिकारी आणि रशियाचा तातिश्चेव या दोघांच्या नावावर ते जातं. त्या काळचा रशिया स्वतःला युरोपीय म्हणवून घ्यायला उत्सुक होता, हा काही योगायोग नव्हे. उरल हा काही हिमालय नाही. बऱ्याच ठिकाणी तो आपल्या ताम्हिणीपेक्षा फार चढा वाटणार नाही. दक्षिणेला तर गोंधळच आहे. कॉकेशसच्या मुख्य धारेवरून सीमा नेली तर ५,६४२ मीटरचं एल्ब्रुस युरोपात जातं आणि युरोपचं सर्वोच्च शिखर ठरतं. तिच्या उत्तरेच्या कुमा-मानिच खोलगट भागातून नेली तर एल्ब्रुस आशियात, आणि युरोपचा मान माँ ब्लाँकडे.

पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'सात खंडांतली सात सर्वोच्च शिखरं सर केली' अशी बातमी येते तेव्हा हा घोळ आपल्या दाराशी येतो. गिर्यारोहकांकडे मुळात दोन याद्या आहेत. एका यादीत ऑस्ट्रेलियाचं कोशियुस्को, उंची २,२२८ मीटर, म्हणजे कळसूबाईला थोडं वर खेचल्यासारखं. दुसरीत न्यू गिनीवरचं कार्स्टेंझ, ४,८८४ मीटर, चढाई अवघड कातळाची. कुठली यादी धरायची हे ऑस्ट्रेलिया खंड कुठवर मानता यावर ठरतं. म्हणून शहाणे गिर्यारोहक दोन्ही चढतात आणि वाद मिटवतात. नकाशाला मात्र दोन्ही चढता येत नाहीत, एकदा क्षेत्राची कड काढली की तिथे एकच रेषा उरते.

सुएझचंही तसंच. आफ्रिका आणि आशियाची सीमा म्हणून कालवा दाखवतात. कालवा १८६९ मध्ये वाहतुकीला खुला झाला, माणसांनी खणून. मग १९१४ मध्ये खुल्या झालेल्या पनामाच्या कालव्याने दोन अमेरिका का तोडत नाहीत? तिथे बहुतेक पुस्तकं सीमा नेतात ती पनामा-कोलंबियाच्या देशसीमेवर. का, तर बरं पडतं म्हणून. माझी तक्रार नाही. सोयीसाठी केलेल्या गोष्टीला सोय म्हणावं, एवढंच.

मग भूगर्भशास्त्राकडून निकाल घ्यावा असं वाटतं. तिथेही सुटका नाही. प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे तुकडे, धरून खंड पाडायचे, तर भारत आणि अरबस्तान आशियातून बाहेर पडतात, कारण त्यांच्या प्लेट वेगळ्या. आणि सैबेरियाचं ईशान्य टोक उत्तर अमेरिकेत जातं. वेताळ टेकडीचा काळा कातळ पाहा. पाताळेश्वरची लेणी ज्या दगडात कोरली तोच हा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो लाव्हा ओतला गेला तेव्हा भारत हिंदी महासागरातलं एक भलं मोठं बेट होता, उत्तरेकडे सरकत होता. आशियाला येऊन भिडला तो त्यानंतर दीडेक कोटी वर्षांनी. म्हणजे वेताळ टेकडी आधीची आणि तिचा पत्ता 'आशिया' नंतरचा. अंटार्क्टिकाची तऱ्हा आणखी वेगळी: किनारा बर्फाच्या काठाने काढायचा की खालच्या खडकाच्या? पश्चिम अंटार्क्टिकाचा बराचसा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे. बर्फ मनातल्या मनात काढून टाकला की तिथे द्वीपसमूह उरतो.

हे सगळं फार दूरचं वाटत असेल, तर कर्वे रस्त्याने चालत निघा. नळस्टॉप ओलांडून पौड फाट्याच्या आसपास दुकानांच्या पाट्या वाचत जा. एका पाटीवर 'एरंडवणे, पुणे ४११००४'. थोडं पुढे 'कोथरूड, पुणे ४११०३८'. आणि मग पुन्हा मध्येच एक एरंडवणे. पोस्टाचा पिन एक सांगतो, सोसायटीच्या कमानीवरचं नाव दुसरं, घर विकणाऱ्याची जाहिरात तिसरं. जाहिरातीत कोथरूड नेहमीच थोडं मोठं असतं. इथे कोथरूडची रेषा काढायला दहा जणांना सांगा, दहा रेषा येतील. पण 'कोथरूड कुठे आहे' असं विचारा, दहाही जण एकाच दिशेला हात करतील. काही जागांना मध्य असतो आणि कड नसते. कोथरूडसाठी नकाशात बिंदू टाकून नाव लिहिणं हा आळस नाही. तेवढंच खरं माहीत आहे, म्हणून तेवढंच लिहिलेलं असतं.

याउलट महापालिकेची हद्द घ्या. २०१७ साली ११ गावं आत आली, २०२१ साली आणखी २३. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढली. प्रत्येक वेळी शासनाची अधिसूचना निघाली. ती वाचायची, रेषा हलवायची, संपलं. बदल कितीही झाले तरी नकाशा लिहिणाऱ्यांत भांडण होत नाही, कारण रेषेचा मालक ठाऊक आहे. पेठेतल्या वाड्याची हद्द सिटी सर्व्हेच्या कचेरीत मिळते, शेताची गटाच्या नकाशावर. आशियाची कुठल्या कचेरीत मिळणार?

इथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्याकडे येणारच. देशांच्या सीमा तरी कुठे निर्विवाद आहेत? बरोबर. काश्मीरची रेषा ओपनस्ट्रीटमॅप प्रत्यक्ष ताबा पाहून काढतो, आणि भारतात छापायच्या नकाशावर ती तशी चालत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची सीमाच ग्राह्य. या दोन्हींत ओढाताण आहे आणि ती नुसत्या तांत्रिक चर्चेने मिटणारी नाही. पण तिथे निदान जागेवर काही आहे. कुंपण आहे, चौकी आहे, कुणाचा तरी हुकूम चालतो. वाद कशावरून आहे हे दोन्ही बाजूंना नीट माहीत असतं. खंडांच्या सीमेवर चौकी नसते. इस्तंबूलमध्ये बॉस्फोरसचा पूल ओलांडताना 'आशियात स्वागत' अशी पाटी दिसते, पासपोर्ट कुणी मागत नाही. पाटी मात्र जागेवर आहे, ती नकाशात जरूर नोंदवावी. पाटी म्हणून.

आपल्या इथल्या एका जुन्या पत्त्याची आठवण होते. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी संकल्प सांगतात: भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे. त्यात खंड आहे, द्वीप आहे, अरण्य आहे, शेवटी नदीचा काठ. एकाही पायरीला सीमा सांगितलेली नाही आणि शतकानुशतकं कुणाचं अडलं नाही, कारण शेवटची पायरी तपासता येते: पुणे गोदावरीच्या दक्षिणेला आहे, कुणीही पाहावं. याचा अर्थ आपल्या पूर्वजांना उपग्रह माहीत होते असा कृपा करून कुणी काढू नये. पुराणांतली सप्तद्वीपं, प्लक्ष, शाल्मली, कुश आणि बाकीची, नकाशावर शोधायला निघालेल्यांचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. आवाका मोठा होत जातो तशी कड पुसट होते, ही रीत मात्र त्या वाक्यात आहे, आणि 'मावळ', 'देश', 'खानदेश' म्हणताना आपण आजही तीच वापरतो.

बिंदूच्या बाजूने इतकं बोलल्यावर त्याचा दोषही सांगायला हवा. बिंदू कुठे टाकायचा हीही निवडच आहे. आशियाचं नाव चीनवर आलं तर एक अर्थ निघतो, कझाकस्तानवर आलं तर दुसरा. शिवाय नाव कुठलं? सातवा खंड 'ऑस्ट्रेलिया' की 'ओशिआनिया'? न्यूझीलंडच्या माणसाला पहिलं चालणार नाही. अमेरिकेचा एक बिंदू की दोन? हे वाद उरतात. पण बिंदू चुकला तर एका नावाची जागा चुकते. रेषा चुकली तर अस्त्राखान, तिबिलिसी, बाकू अशा शहरांतल्या लाखो लोकांवर शिक्का बसतो, आणि तो बसवणारा बहुधा त्या शहरांतला नसतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भर घालणाऱ्यांत युरोपातले, त्यातही जर्मनीतले लोक फार आहेत. त्यांनी केलेलं काम अफाट आहे, आणि २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात जगभरच्या स्वयंसेवकांनी काही दिवसांत जे रस्ते आणि घरं नकाशावर आणली ते विसरता येत नाही. पण युरोप कुठे संपतो हे ठरवताना हजेरी युरोपचीच जास्त असणार, ही वस्तुस्थिती आहे. रेषाच काढली नाही तर हजेरी मोजायची वेळ येत नाही.

आता खंडांच्या दिसण्याबद्दल, कारण तिथे खरा अन्याय चालू आहे आणि लोक भलत्याच ठिकाणी भांडतात.

फोनवरचा बहुतेक प्रत्येक नकाशा मर्केटरच्या प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या त्याच्या रीतीचा, एक सोपा केलेला अवतार वापरतो. मर्केटरने ते १५६९ मध्ये खलाशांसाठी काढलं. त्याचा गुण असा, की लहान जागेचा आकार आणि कोन बिघडत नाहीत. लक्ष्मी रस्ता आणि कुमठेकर रस्ता जिथे जसे वळतात तसेच दिसतात. शिवाय सगळं जग एका चौकोनात बसतं, त्याचे चार करायचे, चाराचे सोळा, अशा २५६ पिक्सेलच्या फरशा पाडता येतात. रस्ता शोधायला हे उत्तम. किंमत मोजावी लागते ती ध्रुवांकडे. पुण्याच्या अक्षांशावर लांबी साधारण साडेपाच टक्क्यांनी फुगते, म्हणजे काही नाही. लंडनला ती साठ टक्क्यांनी फुगते आणि क्षेत्रफळ अडीचपटीच्या वर जातं. ग्रीनलंडच्या मध्यावर क्षेत्रफळ दहापट. परिणाम असा, की सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटरचा आफ्रिका आणि २१.६ लाखांचं ग्रीनलंड पडद्यावर जवळजवळ बरोबरीने बसतात. प्रत्यक्षात एका आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे, हे फोनवरचा नकाशा पाहून कुणाला पटणार नाही. अंटार्क्टिका तर खाली अंथरलेल्या पांढऱ्या सतरंजीसारखा दिसतो आणि ८५ अंशांच्या पुढे कापूनच टाकलेला असतो.

आर्नो पीटर्सने १९७३ मध्ये समक्षेत्र नकाशा, म्हणजे प्रत्येक जागेचं क्षेत्रफळ खऱ्या प्रमाणात दाखवणारा, पुढे केला तेव्हा हा राजकीय प्रश्न झाला, जरी तसाच नकाशा जेम्स गॉलने १८५५ मध्ये मांडला होता. २०१८ मध्ये इक्वल अर्थ नावाचं प्रक्षेपण आलं, ते दिसायलाही बरं आहे. २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटर हटवण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. मला त्यांची बाजू पूर्ण पटते, आणि तरी फोनवर रस्ता शोधताना मर्केटर राहायला हरकत नाही. दोन्ही एकदम शक्य आहे. खंड दिसतात ते पार दूर गेल्यावर, रस्ते दिसतात ते पार जवळ आल्यावर. जवळ मर्केटर ठेवा, दूर गेलं की गोल दाखवा. गूगलने संगणकावरच्या नकाशात २०१८ पासून हे केलं आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्येही ती सोय आता आली आहे. पुण्यात जे कुणी महापालिकेसाठी, शाळांसाठी, हवामानासाठी नकाशाची संकेतस्थळं बनवतात त्यांनी जगाचा आवाका दाखवताना सपाट चौकोन टाकणं बंद करावं. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, नोंदवहीतला एकही बिंदू हलवावा लागत नाही. आफ्रिकेला न्याय खंडाची कड काढून मिळणार नाही. पडदा गोल केल्याने मिळेल.

राहिला याद्यांचा प्रश्न. 'आशियातली दहा लाखांवरची शहरं दाखव' असं विचारायचं असेल तर क्षेत्राशिवाय कसं? गरज खरी आहे. पण तिचं उत्तर आधीच पाच ठिकाणी आहे आणि पाचही वेगळी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी यादीत सायप्रस पश्चिम आशियात आणि अख्खा रशिया पूर्व युरोपात. ही विभागणी आकडेवारीच्या सोयीपुरती आहे, राजकीय अर्थ काढू नये, असं ते स्वतःच सांगतात. फुटबॉलमध्ये इस्रायल आणि कझाकस्तान युरोपात खेळतात, आणि ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियात. सायप्रस तर युरोपियन युनियनचा सदस्य आहे. नॅचरल अर्थ नावाची एक मोफत माहितीसंपदा बरेच प्रोग्रामर डोळे मिटून वापरतात. तिच्यात देशागणिक खंड लिहिलेला आहे आणि रशियापुढे युरोप लिहिलं आहे. त्यावरून रंगवलेल्या नकाशात व्लादिवोस्तोक युरोपात जातं, जपानच्या शेजारी. फ्रेंच गयाना फ्रान्सचा भाग असल्यामुळे ॲमेझॉनच्या जंगलाचा तुकडाही युरोपच्या रंगात. हिंजवडीतल्या कुठल्या तरी मजल्यावर अहवालाचा आलेख करणाऱ्याला हे दिसतही नाही, कारण त्याने फक्त 'खंड' नावाचा रकाना निवडलेला असतो.

या यादीला नाव असतं, 'संयुक्त राष्ट्रांप्रमाणे', 'फुटबॉल महासंघाप्रमाणे', तर वाचणाऱ्याला कळलं असतं की हे कुणाचं म्हणणं आहे. विकिडेटासारख्या, सगळ्यांनी मिळून भरायच्या माहितीसाठ्यात एका देशापुढे दोन खंड, प्रत्येकाला आधार जोडून, लिहिता येतात. तुर्कस्तान आणि इजिप्तला ते शोभतं. जमिनीच्या नकाशाला ती सोय नाही. तिथे रेषा म्हणजे वस्तू. ओढ्याची रेषा, भिंतीची रेषा आणि आशियाची रेषा दिसायला सारखीच, आणि वाचणारा तिन्हींवर सारखाच विश्वास टाकतो. ओढ्यावर टाकावा.

शाळांचं काय, असं शिक्षक विचारतात. पाचवीच्या मुलांना 'सात' शिकवायला काहीच हरकत नाही, परीक्षेत तेच लिहायचं आहे. पण ज्या वर्गात पडदा आणि इंटरनेट आहे तिथे एक तास असा घेता येईल: कोरा किनाऱ्यांचा नकाशा द्यायचा, सीमा नसलेला, आणि प्रत्येक मुलाला स्वतः रंगवू द्यायचं. कॉकेशसमध्ये रंग कुठे थांबवला, सिनाई कुणाला दिला, न्यू गिनीचं काय केलं. वर्गातले नकाशे शेजारी शेजारी लावले की मास्तरांना फार बोलावं लागत नाही. हा तास क्षेत्रं आधीच आखून दिलेल्या नकाशावर होऊ शकत नाही.

मराठी नकाशाकारांकडून माझी वेगळी अपेक्षा आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक जागेला मराठी नावाचा स्वतंत्र रकाना असतो. खंडांना, महासागरांना तो बऱ्यापैकी भरलेला असतो. तिथून खाली उतरा, सामुद्रधुन्या, बेटं, पर्वतरांगा, परदेशी शहरं, आणि रकाने रिकामे दिसू लागतात, नाहीतर हिंदीतून उचललेले. एल्ब्रुस कुठल्या खंडात यावर संध्याकाळ घालवण्यापेक्षा त्याचं नाव देवनागरीत नीट लिहिलं तर मराठी मुलाला ते शोधल्यावर सापडेल. पुण्यात भूगोल शिकलेली, शिकवणारी माणसं कमी नाहीत.

शेवटी, नवा खंड निघाला तर? हा प्रश्न थट्टेचा राहिलेला नाही. २०१७ मध्ये भूवैज्ञानिकांच्या एका गटाने झीलंडिया हा स्वतंत्र खंड मानावा असा शोधनिबंध लिहिला: ४९ लाख चौरस किलोमीटर, त्यातला ९४ टक्के भाग पाण्याखाली. भारताच्या दीडपट जागा, आणि वर दिसतात ती न्यूझीलंड, न्यू कॅलेडोनिया आणि थोडी बेटं. त्याचा किनारा काढता येणार नाही, कारण किनारा नाहीच. भरतीच्या वेळी उभं राहायला जागा नाही. समुद्रतळाच्या नकाशांत त्याची रूपरेषा जरूर असावी, तिथे ती मोजलेली आहे. सगळ्यांच्या नकाशात मात्र न्यूझीलंडचे लोक ते नाव रोजच्या बोलण्यात वापरू लागले, त्यांच्या शाळांत ते शिकवलं जाऊ लागलं, तर त्यांनीच एक बिंदू टाकावा आणि इंग्रजी नावाशेजारी माओरी नाव लिहावं. मराठी रकाना आपण भरू.